शंभरावर पेपर आणि विषय एकच: लँथनाइडवाल्या गाईडची यादी कशी वाचावी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही रत्नागिरीहून अकार्बनी रसायनशास्त्रात एमएससी केलीत, सेट पास झालात आणि सध्या सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता. एका सरांकडे पीएचडीची जागा रिकामी आहे. त्यांच्या नावावर शंभराच्या वर पेपर आहेत आणि बहुतेकांच्या शीर्षकात 'लँथनाइड' तरी आहे नाहीतर 'संक्रमण धातूंचे कॉम्प्लेक्स' तरी. (लँथनाइड म्हणजे लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतचे धातू, संक्रमण धातू म्हणजे लोखंड, कोबाल्ट, कॉपर यांसारखे, आणि कॉम्प्लेक्स म्हणजे धातूभोवती रेणू बांधून केलेलं संयुग.) हे काम भक्कम आहे की नुसती भरताड, या विषयात अजून करण्यासारखं काही उरलंय का, आणि कोकणातल्या कॉलेजच्या लॅबमध्ये ते जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतून लँथनाइड काढता येतील का, असंही विचारलंत. सरांचं नाव कळवलं नाहीत ते बरं केलंत, कारण ते कळलं असतं तर मी उत्तरच दिलं नसतं.

वाळूचं आधी उरकते. काळबादेवी, नेवरे, मालगुंड या पट्ट्यात जी काळी वाळू दिसते ती मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम. आपले डोंगर बेसॉल्टचे, माथ्यावर जांभा. त्यातून झिजून जे खाली येणार ते हेच. लँथनाइड देणारं मोनाझाइट ग्रॅनाइट आणि नाइस जातीच्या जुन्या खडकांतून येतं, म्हणून ते केरळात चवऱ्याला, तमिळनाडूत मानवलकुरिचीला आणि ओडिशात छत्रपूरला सापडतं. १९५० साली स्थापन झालेल्या इंडियन रेअर अर्थ्स या सरकारी कंपनीचा अलुव्याचा कारखाना १९५२मध्ये सुरू झाला तो केरळ-तमिळनाडूच्या त्या वाळूच्या भरवशावर. शिवाय मोनाझाइटमध्ये थोरियम असतं, त्यामुळे ते अणुऊर्जा कायद्याच्या कक्षेत येतं. तेव्हा वाळू किनाऱ्यावरच राहू द्या. ऑक्साइडची बाटली विकत मिळते.

आता मुख्य मुद्दा. पेपर मोजून काहीही कळत नाही. धातू बदलल्यावर त्या संशोधकाला नवीन काय कळलं, एवढं प्रत्येक पेपरात शोधा. एक लिगँड, म्हणजे धातूला धरून ठेवणारा रेणू, बनवायचा, त्यात कोबाल्ट, निकेल, कॉपर, झिंक घालून एक पेपर. मग त्याच लिगँडात लँथॅनम, प्रासिओडिमियम, निओडिमियम, समॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम घालून दुसरा. पुढच्या वर्षी लिगँडावरचा मिथाइल काढून क्लोरीन लावायचा आणि पुन्हा तेच. पेणच्या कारखान्यात एका साच्यातून निघालेल्या मूर्तींना वेगवेगळे रंग द्यावेत तसे हे पेपर दिसतात. पण साचा आहे एवढ्यावरून काम वाईट ठरवू नका. मालिका करण्याला रसायनशास्त्रात खरंखुरं कारण असू शकतं. ते कारण त्या पेपरात आहे का, हे ओळखायला दोन्ही प्रकारच्या धातूंचा स्वभाव डोक्यात पक्का हवा.

संक्रमण धातूंचे डी इलेक्ट्रॉन बाहेरच्या बाजूला असतात, लिगँडाशी त्यांचा थेट संबंध येतो. लिगँड बदलला, भूमिती बदलली की रंग बदलतो, मॅग्नेटिक मोमेंट, म्हणजे चुंबकत्वाचं माप, बदलते. चौकोनी सपाट निकेलची मोमेंट शून्य, अष्टफलकी निकेलची तीनच्या आसपास. कोबाल्टचंही तसंच, चतुष्फलकी आणि अष्टफलकी यांत आकड्याचा फरक दिसतो. म्हणून या धातूंच्या पेपरात मोमेंटवरून भूमिती सांगितलेली असेल तर त्यात तथ्य असतं.

लँथनाइडचे एफ इलेक्ट्रॉन आत दडलेले. बाहेरून ५एस आणि ५पी यांचं पांघरूण. लिगँड कोणताही लावा, ऊर्जापातळ्यांत फरक पडतो तो प्रति सेंटिमीटर (हे ऊर्जेचं एकक) काहीशेंचा. डी धातूंमध्ये तो हजारांत मोजतात. परिणामी साध्या तापमानाला डिस्प्रोशियमची मोमेंट १०.६ बोर मॅग्नेटॉनच्या जवळ येणार, गॅडोलिनियमची ७.९ येणार, मग कॉम्प्लेक्स तुम्ही मालवणात बनवा नाहीतर मँचेस्टरला. आता एखाद्या पेपरात 'डिस्प्रोशियम कॉम्प्लेक्सची मोमेंट १०.५ आली, यावरून आठ कोऑर्डिनेशनची (धातूला आठ ठिकाणी धरलेली) रचना सिद्ध होते' असं वाक्य दिसलं तर पेन्सिलीने खूण करा. त्या आकड्याने बाटलीत डिस्प्रोशियम आहे एवढंच सिद्ध होतं. हे वाक्य ज्यांच्या दहा पेपरांत दहा वेळा आहे, त्यांनी डी धातूंची सवय एफ धातूंवर चढवली आहे. युरोपियम आणि समॅरियम हे दोन अपवाद. युरोपियमच्या तळपातळीची मोमेंट हिशेबाने शून्य, पण वरच्या पातळ्या इतक्या जवळ असतात की साध्या तापमानाला ३.४च्या आसपास भरते. तापमानाबरोबर ती कशी उतरते हे कोणी मोजलं असेल, तर त्या माणसाला आपण काय करतोय ते ठाऊक आहे असं समजा.

एक पेपर जवळून पाहू, कारण खरं शिक्षण तिथेच होतं. ऑर्थो-व्हॅनिलिनचे दोन रेणू आणि एथिलीनडायअमाइनचा एक, मिथेनॉलमध्ये तापवले की पिवळा शिफ बेस खाली बसतो. जगभरच्या लॅबांत हा लिगँड वापरतात. स्वस्त आहे, अर्ध्या दिवसात होतो. ह्यूगो शिफने या वर्गाची पहिली माहिती १८६४मध्ये दिली आणि तेव्हापासून त्याला उसंत नाही. या लिगँडाला दोन कप्पे असतात. आतल्या कप्प्यात दोन नायट्रोजन आणि दोन फिनॉलचे ऑक्सिजन. बाहेरच्या, ऐसपैस कप्प्यात फिनॉलचे तेच दोन आणि मिथॉक्सीचे दोन, असे चार ऑक्सिजन. आता युरोपियम नायट्रेट घातलं तर युरोपियम कुठे जाऊन बसेल? आयन मोठा, ऑक्सिजनचा भुकेला. तो बाहेरच्या कप्प्यात बसतो, तीन नायट्रेट दोन-दोन हातांनी धरतात, चार आणि सहा मिळून दहा. नायट्रोजन मोकळेच राहतात. इतकंच नव्हे, फिनॉलचा प्रोटॉन उडी मारून त्यांच्यावर जातो.

आता या प्रकारच्या पेपरातली आकृती उघडा. कित्येकांत लँथनाइड आतल्या नायट्रोजनांना जोडलेला काढलेला असतो आणि पुरावा म्हणून 'आयआरमध्ये (अवरक्त स्पेक्ट्रममध्ये) सी-एनची रेघ खाली सरकली' असं लिहिलेलं असतं. प्रोटॉन नायट्रोजनवर गेला असेल तर ती रेघ वर सरकते, १६५०च्या दिशेने. लेखकाने तक्त्यात आकडा खरा दिला असेल आणि मजकुरात मात्र नेहमीचं वाक्य चिकटवलं असेल तर दोन्ही एकमेकांच्या विरोधात उभे राहतात. मी थिसिस तपासताना पहिल्यांदा हीच जागा बघते. तक्ता विद्यार्थ्याने भरलेला असतो आणि मजकूर बऱ्याचदा आधीच्या थिसिसमधून आलेला असतो.

त्याच पेपरातलं मूलद्रव्य-विश्लेषण, म्हणजे यंत्राने मोजलेलं कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण. एक युरोपियम, एक लिगँड, तीन नायट्रेट यांचा कार्बन ३२.४५ टक्के यायला हवा. पाण्याचा एक रेणू वाढला की तो ३१.५९ होतो. चालू सवलत ०.४ टक्क्यांची असते, म्हणजे पाण्याचा एक रेणू कार्बनवरून पकडता येतो. नायट्रोजनवरून नाही येत, कारण तिथे फरक फक्त ०.२८चा. आणि युरोपियमच्या जागी गॅडोलिनियम धरलं तर कार्बन ३२.१९, म्हणजे शेजारचे दोन लँथनाइड या यंत्राला सारखेच. म्हणून धातूचं प्रमाण वेगळं मोजलेलं असावं: कॉम्प्लेक्स जाळून किंवा आम्लात पचवून, पीएच साडेपाच-सहाच्या बफरमध्ये झायलेनॉल ऑरेंज टाकून ईडीटीएने टायट्रेशन. साधं काम आहे, तुमच्या कॉलेजात आज होईल. तक्त्यात सात कॉम्प्लेक्स आणि सगळ्यांचे मिळालेले आकडे अपेक्षित आकड्यांशी दुसऱ्या दशांशापर्यंत जुळत असतील तर मात्र मला आनंद होत नाही, शंका येते. यंत्र इतकं गुणी नसतं.

आयआरबद्दल आपल्या हवेचं एक प्रकरण सांगितलंच पाहिजे. नायट्रेट धातूला दोन हातांनी बांधलेलं असेल तर १४८० आणि १३००च्या आसपास दोन रेघा मिळतात. मोकळं आयन असेल तर १३८४ला एक बारीक, टोकदार रेघ. बऱ्याच पेपरांत दोन्ही दिसतात आणि लेखक निष्कर्ष काढतो की दोन नायट्रेट बांधलेले, एक मोकळं. असेलही. पण आषाढात, खिडकीबाहेर पाणी कोसळत असताना, पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी दाबली असेल तर ती ओलावा ओढते, दाबाखाली ब्रोमाइड आणि नायट्रेटची अदलाबदल होते आणि १३८४ची रेघ गोळीतच जन्माला येते. ३४००ला जो रुंद पट्टा दिसतो तोही अनेकदा गोळीतल्या पाण्याचा असतो, आणि पेपरात त्याचं 'कोऑर्डिनेटेड वॉटर' होतं. शंका आली तर न्यूजॉल तेलात किंवा गोळी न लागणाऱ्या एटीआरवर पुन्हा आयआर काढायचा, आणि पाण्याचा निकाल टीजीएकडून, म्हणजे तापवताना वजन किती घटतं ते मोजणाऱ्या चाचणीकडून घ्यायचा. आयआर कसा काढला हे ज्या पेपरात लिहिलेलंच नाही, त्यातल्या नायट्रेटवर मी पैज लावणार नाही.

मग काय असलं म्हणजे लँथनाइडचं काम चांगलं? तो लँथनाइड तिथे लँथनाइड म्हणूनच लागला पाहिजे. त्याच्या जागी कॅल्शियम किंवा लोखंड घालून तेच सांगता आलं असतं, तर त्याची काही गरज नव्हती.

याची एक वाट आकाराची. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत जाताना त्रिभारित आयनाची त्रिज्या, सहा कोऑर्डिनेशन धरून, १०३ पिकोमीटरवरून ८६वर येते. हळूहळू, एकेक पायरी. आवर्तसारणीत इतकी बारीक आणि नियमित उतरण दुसरीकडे मिळत नाही. या उतरणीवर कोणत्या धातूपाशी दहाचं नऊ होतं किंवा नऊचं आठ, का होतं, आणि त्याने गुणधर्म कसा पालटतो, हे दाखवण्यासाठी अख्खी मालिका करावीच लागते. अशा पेपरात प्रोमेथियम सोडून, कारण ते किरणोत्सारी, बाकीचे एकेक केलेले असतात आणि मोड कुठे आला ते सांगितलेलं असतं. ज्यांना एवढं सगळं नको असतं ते शहाणपणाने निवडतात: मोठा म्हणून लँथॅनम, लहान म्हणून ल्युटेशियम किंवा त्याहून स्वस्त इट्रियम, जो आकाराने होल्मियमच्या तोडीचा. हे तिघं प्रतिचुंबकीय, त्यामुळे एनएमआर स्वच्छ मिळतो. गाईडच्या यादीत धातूंची निवड कशी केली आहे एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. कपाटात ज्या बाटल्या होत्या त्या सगळ्या वापरल्या, की विचार करून तीन उचलल्या?

दुसरी वाट प्रकाशाची, आणि आपल्यासारख्यांना ती सर्वांत फलदायी आहे. युरोपियम तांबडा प्रकाश देतो, टर्बियम हिरवा. या आयनांचं स्वतःचं शोषण इतकं फिकं की थेट प्रकाश टाकून फारसं काही होत नाही; लिगँडाने अतिनील प्रकाश शोषून तो धातूला पुरवावा लागतो. १९४२मध्ये वाइसमनने युरोपियमच्या कॉम्प्लेक्समध्ये हे पहिल्यांदा दाखवलं. लिगँडाची ट्रिप्लेट पातळी (जिथून ऊर्जा धातूकडे जाते ती) धातूच्या पातळीच्या थोडी वर हवी. फार जवळ असली तर ऊर्जा परत फिरते. युरोपियमची पातळी प्रति सेंटिमीटर १७,२००च्या आसपास, टर्बियमची २०,५००च्या. त्यामुळे एकच लिगँड टर्बियमला चालतो आणि युरोपियमला नाही, किंवा उलट, आणि ते का हे सांगता येतं. ट्रिप्लेट मोजायला गॅडोलिनियमचं कॉम्प्लेक्स वापरतात, कारण गॅडोलिनियमची स्वतःची पातळी इतकी उंच की तो ऊर्जा घेतच नाही. बघा, इथे मालिकेतल्या प्रत्येक धातूला वेगळं काम आहे.

आणि युरोपियम तर स्वतःच्या घराची सगळी खबर देतो. ५८० नॅनोमीटरला एकच बारीक रेघ असेल तर युरोपियम एकाच प्रकारच्या जागेवर असू शकतो. दोन असतील तर जागा निश्चितच दोन आहेत, मग लेखक नमुना शुद्ध आहे असं कितीही सांगो. ५९२च्या रेषेला भोवतालाचं फारसं काही वाटत नाही, ६१२च्या तांबड्या रेषेला खूप वाटतं. दोघींचं गुणोत्तर वाढलं तर सममिती ढासळली. धातूवर पाण्याचे किती रेणू आहेत हेही मोजता येतं: प्रकाश किती वेळ टिकतो ते साध्या पाण्यात आणि जड पाण्यात (हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेल्या) मोजायचं आणि फरक घ्यायचा. नुसत्या युरोपियम आयनाचा प्रकाश साध्या पाण्यात ०.११ मिलिसेकंद टिकतो, जड पाण्यात तो ४ मिलिसेकंदांच्या घरात जातो, कारण ओ-एचची थरथर ऊर्जा गिळते आणि ओ-डीची तितकी नाही. हॉरॉक्स आणि सडनिक यांनी हे १९७९मध्ये सूत्रात बसवलं. आता तुमच्या सरांच्या यादीतले युरोपियमचे पेपर काढा. त्यांत यातलं काहीच नसेल, फक्त आयआर, टीजीए आणि जिवाणूंवरची चाचणी असेल, तर सांगायला बसलेल्या धातूला कोणी विचारलंच नाही असा त्याचा अर्थ.

इथे एक सावधगिरी. 'कॉपर ओळखणारा युरोपियम सेन्सर' असे पेपर ढिगाने आहेत. कॉपरने प्रकाश विझतो यात नवल नाही; त्याचं शोषण दृश्य भागात पसरलेलं असतं आणि लँथनाइडला धरून बसलेल्या लिगँडावरही तो झडप घालतो. विझल्यावर कॉपर लिगँडात शिरलं की लँथनाइडला हाकलून बसलं, हे ज्याने वेगळं केलं त्याचाच पेपर वाचावा.

तिसरी वाट दोन्ही धातू एकत्र बांधण्याची. वर सांगितलेल्या दोन कप्प्यांच्या लिगँडाचं खरं सोनं इथे होतं: आत कॉपर, निकेल किंवा झिंक, बाहेर लँथनाइड. १९८५मध्ये फ्लॉरेन्सच्या गातेस्की आणि सहकाऱ्यांनी कॉपर आणि गॅडोलिनियम एका रेणूत आणले तेव्हा दोघांचे चुंबक एकाच दिशेला उभे राहतात असं आढळलं, आणि त्यातून एक अख्खं दालन उघडलं. पुढे २००३मध्ये जपानमध्ये इशिकावा यांनी दाखवलं की टर्बियमचा एकटा आयनसुद्धा थॅलोसायनिनच्या दोन चपट्या रेणूंच्या मधे बसवला तर चुंबकासारखा वागतो, आणि २०१८मध्ये डिस्प्रोशियमच्या एका मेटॅलोसीनने ८० केल्विन गाठले, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या वर. हे शेवटचं काम आपल्या लॅबचं नाही. हवा न शिरणारा ग्लोव्हबॉक्स हवा, चुंबकत्व मोजणारं स्क्विड यंत्र हवं. पण झिंक-युरोपियम किंवा झिंक-टर्बियम हे हवेत टिकतात, मिथेनॉलमध्ये होतात आणि झिंक रिकामा प्रकाश खात नाही. त्याच्या शेजारी कॉपर-युरोपियम ठेवा, प्रकाश जातो. या जोडीतून एक नीट प्रश्न तयार होतो आणि त्यात डी धातू व एफ धातू दोघांचाही उपयोग असतो.

जिवाणूंच्या चाचणीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. कागदाच्या चकतीभोवती किती मिलिमीटर जागा मोकळी झाली एवढ्यावर कॉम्प्लेक्स 'लिगँडापेक्षा सक्रिय' ठरतं आणि कारण म्हणून ट्वीडीची किलेशन थिअरी (धातूला बांधलेला रेणू पेशीत सहज शिरतो असं सांगणारी) चिकटवली जाते. नमुना डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेला असतो. लँथनाइड लिगँड फार चटकन सोडतात आणि डीएमएसओ त्यांना आवडतं. मग चकतीवर नक्की काय होतं, कॉम्प्लेक्स की सुटा लिगँड आणि सुटा धातू? नुसतं नायट्रेट घेऊन तीच चाचणी केली आहे का, द्रावणात कॉम्प्लेक्स टिकतं याचा पुरावा आहे का, हे शोधा. एमआरआयसाठी गॅडोलिनियम शरीरात सोडतात तेव्हा त्याला डीटीपीए किंवा डोटासारख्या आठ हातांच्या लिगँडात आवळून का ठेवतात, याचा विचार केला की बाकी समजतं. १९८८पासून ही औषधं वापरात आहेत, आणि तरीही मूत्रपिंड निकामी असलेल्यांत कमी घट्ट असलेल्यांनी त्रास दिलाच.

एवढं कळलं की यादी वाचणं सोपं होतं. मी असं करते: सगळे पेपर सालवार लावते आणि शीर्षकं भराभर वाचते. एखादा प्रश्न दहा वर्षं पुढे सरकताना दिसतो का? आधी लिगँड, मग रचना, मग प्रकाश, मग प्रकाश का कमी पडला म्हणून बदललेला लिगँड, अशी वाट दिसली तर माणूस विचार करतोय. मग क्रिस्टल स्ट्रक्चर किती आहेत ते पाहते. केंब्रिजच्या डेटाबेसचा डिपॉझिशन नंबर पेपरात असतो, तो घालून फाईल फुकट उतरवता येते आणि मर्क्युरीच्या मोफत आवृत्तीत उघडता येते. शंभर पेपरांत एकही क्रिस्टल नाही आणि सगळीकडे 'प्रस्तावित रचना' असेल तर ते मनावर घ्या. पेपरावर तारा कोणाच्या नावावर आहे, म्हणजे पत्रव्यवहाराचे लेखक कोण, तेही बघा. शंभरातल्या सत्तरांत सर मधे कुठेतरी असतील तर ती यादी दुसऱ्या कोणाची तरी आहे. एच-इंडेक्स हिर्श यांनी २००५मध्ये सुचवला, तो पाहायला हरकत नाही, पण स्वतःचेच उल्लेख वगळून. जर्नल कोणत्या यादीत होतं यावर आता भिस्त नको. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादीच फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली.

आणि यादीपेक्षा मोठी खाण म्हणजे शोधगंगा, पीएचडीच्या थिसिसांचं ऑनलाइन भांडार. सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे थिसिस तिथे असतील. पेपरात नमुन्यादाखल एक स्पेक्ट्रम छापतात, थिसिसमध्ये सगळे असतात. दोन वेगळ्या धातूंचे स्पेक्ट्रम शेजारी शेजारी लावा. गोंगाटाच्या बारीक रेघांसकट सारखे दिसले तर तिथून निघून या, कोणाला काही न बोलता. दोन थिसिसांमधली प्रस्तावना शब्दशः सारखी असेल तर तेवढं गंभीर नाही, पण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता कोकणातल्या लॅबचं. जून ते सप्टेंबर हा काळ संश्लेषणाला वाईट. लँथनाइड नायट्रेट ओलावा इतका पितात की घड्याळकाचेवर वजन करता करता ओले होतात. ऑक्साइडपासून सुरुवात करा, तो नीट वजन करता येतो. युरोपियमचा आणि गॅडोलिनियमचा कोमट नायट्रिक आम्लात सहज जातो, टर्बियमचा तपकिरी ऑक्साइड हट्टी, त्याला थेंब थेंब हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. सिरियमच्या ऑक्साइडच्या नादी लागू नका, नायट्रेटच विकत घ्या. परक्लोरेट तर नकोच, कुठल्याही पेपरात कितीही छान क्रिस्टल दिसले तरी. कोरडे झाले की फुटतात. मिथेनॉल उडवून क्रिस्टल वाढवायचे दिवस दिवाळीनंतरचे. पावसात उघड्या बीकरमधलं मिथेनॉल जातं आणि हवेतलं पाणी आत येतं, तळाला चिकट गोळा बसतो. तेव्हा बंद बरणीत ईथरची वाफ हळूहळू शिरू देण्याची पद्धत वापरा. डेसिकेटरमधली निळी सिलिका गुलाबी झाली की ओव्हनमध्ये भाजून परत भरणं हे रोजचं काम धरा. क्रिस्टल मिळाले की गाळून सुकवू नका. जन्मद्रावातच बुडवून, बाटली सील करून मुंबईला न्या. आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या केंद्रांत बाहेरच्यांचे नमुने घेतात. रात्रीची गाडी पकडली की सकाळी तिथे. कुरिअरने पाठवलेल्या क्रिस्टलची मी खात्री देत नाही.

तुमच्या कॉलेजात यूव्ही दिवा, चांगला ओव्हन, पीएच मीटर आणि एखादा साधा फ्लुओरिमीटर असेल तर झिंक-टर्बियमच्या कामाची निम्मी वाट घरबसल्या होते. आयुष्यमान मोजायला बाहेर जावं लागेल, एकदोनदाच. युरोपियम-टर्बियमचे ऑक्साइड महाग, पण एका वेळी लागतात मिलिग्रॅममध्ये. पाच ग्रॅमची बाटली अख्ख्या पीएचडीला पुरते. लिगँडाची सगळी चाचपणी आधी लँथॅनमवर करा, तो स्वस्त आहे आणि एनएमआरही देतो.

तर, जायचं का त्यांच्याकडे? मला यादी दिसत नाही, म्हणून हो-नाही सांगणार नाही. पण भेटायला जाल तेव्हा एवढं विचारा. सध्या तुमच्याकडे किती विद्यार्थी आहेत, हा पहिला प्रश्न. नियमाने प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा आणि असिस्टंटला चार. दुसरा, तुमच्या आत्तापर्यंतच्या कॉम्प्लेक्सपैकी सगळ्यात चक्रावून टाकणारं कोणतं होतं? ज्याने खरंच काम केलंय तो या प्रश्नावर अर्धा तास बोलतो, चहा थंड होतो. 'सगळेच चांगले आले' असं उत्तर आलं तर विचार करा. तिसरा प्रश्न थेट तुमच्या पोटाचा: तासिका सांभाळून अर्धवेळ चालेल का? यूजीसीच्या २०२२च्या नियमांत अर्धवेळ पीएचडीला मुभा आहे, संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं, किमान तीन वर्षं आणि साधारण सहापर्यंत. त्याच नियमांनी थिसिस सादर करण्याआधी पेपर छापलेच पाहिजेत ही देशभरची सक्ती काढून टाकली. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का ते मात्र परिपत्रकात बघून घ्या. सर पहिल्याच भेटीत 'वर्षाला तीन पेपर द्यावे लागतील' म्हणाले, तर ती त्यांची गरज आहे, नियमाची नव्हे, आणि जागा स्वीकारण्यापूर्वी त्यावर मोकळं बोलून घ्या.